वटवाघळांचे कोडे आणि स्पालान्झानी

दिवेलागणीला रामपायलीत किडे टिपणारी छोटी वटवाघळे अंधारातही कशाला धडकत नाहीत. इटलीचे प्राध्यापक लाझारो स्पालान्झानी (१७२९-१७९९) यांनी १७९३ साली हे कोडे हाती घेतले. दृष्टी गेलेली वटवाघळेही व्यवस्थित उडाली. जिनिव्हाच्या ज्युरीन यांनी वटवाघळांचे कान बुजवले, तेव्हा मात्र ती धडकली. स्पालान्झानींनी तो प्रयोग स्वतः पडताळून पाहिला. विद्वानांनी थट्टा केली. कारण उलगडण्याआधीच स्पालान्झानी वारले. १९३८ साली हार्वर्डचे विद्यार्थी ग्रिफिन व प्राध्यापक पिअर्स यांनी यंत्रावर वटवाघळांचा आवाज पकडला, जो आपल्याला ऐकू येत नाही. त्याच्या प्रतिध्वनीवरून ती वाट काढतात. गोंगाटात कित्येक जाती आवाज चढवतात. स्पालान्झानींचे निरीक्षण सर्वमान्य व्हायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.