डॉ. सलीम अली : बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत

भारतीय पक्षिशास्त्राचे अध्वर्यू म्हणून डॉ. सलीम अली यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. परंतु पाखरांच्या रक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या या थोर पुरुषाची पाखरांशी पहिली ओळख झाली ती बंदुकीच्या नळीतून, आणि त्यांच्या मोठ्या कार्याचा आरंभ झाला तो आपल्या हैदराबाद संस्थानात, या दोन्ही गोष्टी फारशा ठाऊक नसतात.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. वर्षाचे असताना पित्याचे आणि तीन वर्षांचे असताना मातेचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढविले. मामा स्वतः नामांकित शिकारी होते. त्यांनी भाच्याच्या हाती छऱ्याची बंदूक दिली आणि त्या बालमनाला शिकारीचे वेड लागले. घरच्या आणि शेजारच्या मुलांत नेमबाजीच्या चुरशी लागत. पुढे पाकिस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले इस्कंदर मिर्झा हे त्या खेळगड्यांपैकीच एक. शिकारकथांची पुस्तके वाचावीत आणि आपणही मोठे शिकारी व्हावे, एवढीच त्या वयातली महत्त्वाकांक्षा होती.

सुटीत कुटुंब चेंबूरला जाई. तेव्हाचे चेंबूर झाडीने वेढलेले होते. चिमण्या टिपाव्यात, त्या हलाल करून शिजवाव्यात, असा मुलांचा उद्योग चाले. याच दिवसांतली एक नोंद त्यांच्या भावी आयुष्याची चाहूल देते. तबेल्यातील एका घरट्याजवळचा नर त्यांनी टिपला, तर मादीने थोड्याच वेळात दुसरा नर आणला. तोही टिपला, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर पडले. मृगयेच्या मोजदादीसाठी केलेली ही नोंद नकळत पक्षिवर्तनाची नोंद ठरली, आणि कित्येक दशकांनी ती छापलीही गेली.

1908 च्या सुमारास पडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असे पाखरू खाणे धर्माला मान्य आहे किंवा नाही, असा प्रश्न मुलाला पडला. मामांनाही ते पाखरू ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी असल्याने त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीचे कार्यवाह मिलार्डसाहेब यांच्याकडे धाडले. साहेबांनी ती रानचिमणी असल्याचे सांगितले, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि संस्थेच्या छोट्या ग्रंथसंग्रहातून मुंबईच्या पक्ष्यांवरील ‘एहा’ यांचे पुस्तक वाचावयास दिले. एका मृत चिमणीने आणि एका उसन्या पुस्तकाने त्या मुलाच्या आयुष्याची दिशा ठरविली.

तरी वाट सरळ नव्हती. शिक्षणात मन रमेना, म्हणून ते ब्रह्मदेशात तवॉय येथे भावाच्या खाणव्यवसायात गेले. तेथे हिशेबापेक्षा रानातील भटकंती आणि शिकारच अधिक झाली. 1918 मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गेतिहास विभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून नेमणूक झाली. पुढे बर्लिनमध्ये प्रा. स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिक्षण घेऊन 1930 मध्ये परतले, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! पस्तिशीच्या उंबरठ्यावर हा विद्वान बेकार होता. किहीमच्या सासुरवाडीच्या घरी त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, तो याच विपन्नावस्थेत.

त्या वेळी त्यांना एक कल्पना सुचली. संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी आपण विनावेतन करू, संस्थानांनी केवळ खर्च सोसावा. या योजनेतून 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानची पाहणी घडून आली. तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक यांना कवेत घेणारे हे संस्थान सुमारे 82 हजार चौरस मैलांचे. चेंचू लोकांची वस्ती असलेल्या अमराबादच्या पठारावर मन्ननूर, फरहाबाद येथेही ते हिंडले. तेहमिनाबाई तंबूच्या संसारात सोबत होत्या. बालपणीचा नेम येथे कामी आला. मात्र आता पडलेल्या प्रत्येक पाखराच्या पायाला स्थळ, तारीख, नर-मादी यांची चिठ्ठी बांधली जाई. ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह ही पाहणी 1933-34 च्या सुमारास सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यानंतर त्रावणकोर-कोचीन आदी संस्थानांची दारे त्यांना उघडली.

1939 मध्ये तेहमिनाबाई निवर्तल्या. हा आघात त्यांनी कामात बुडवून टाकला. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे विख्यात पुस्तक आले, आणि 1968 ते 1974 या काळात डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा महाग्रंथ. भरतपूरच्या ज्या सरोवरावर 1938 मध्ये व्हाइसरॉयच्या मेजवानीत एका दिवसात चार हजारांहून अधिक बदके मारली गेली, तेथे अभयारण्य व्हावे म्हणून ते झटले. 1976 मध्ये पद्मविभूषण व पॉल गेटी पारितोषिक लाभले, 1985 मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरून ठेविले. तरुणपणीच्या शिकारीचे दिवस त्यांनी त्यात मोकळेपणाने आठवले आहेत. त्या दिवसांची लाज बाळगली नाही आणि त्यांचे गोडवेही गाईले नाहीत. अभ्यासासाठी नमुना टिपणे निराळे आणि हौसेखातर किंवा लोभाने जाती निर्वंश करणे निराळे, हा विवेक त्यांनी अखेरपर्यंत जपला. या भूमिकेवर काही प्राणिप्रेमी रुष्ट होत, पण त्यांनी ती लपविली नाही.

1900 नंतर कोणाच्या दृष्टीस न पडलेला जेर्डनचा धाविक हा पक्षी जानेवारी 1986 मध्ये आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात पुन्हा गवसला. तो शोधला सोसायटीच्याच तरुण अभ्यासकाने, आणि पकडून दिला तो रात्री दिव्याच्या उजेडात पाखरे धरणाऱ्या एका स्थानिक पारध्याने. पारध्याचे कसब ज्ञानाच्या कामी आल्याचे हे उदाहरण वयाच्या नव्वदीत या जुन्या शिकाऱ्यास पाहावयास मिळाले. 20 जून 1987 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.