ज्ञानकोशकार केतकर : एका सामुदायिक लेखनाचे चरित्र

मराठी वाङ्मयेतिहासात श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे नाव ‘ज्ञानकोशकार’ या उपाधीवाचून क्वचितच उच्चारले जाते. ही उपाधी यथार्थ असली, तरी तिच्यामुळे एक गैरसमजही रूढ झाला आहे. तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश ही एकट्या पुरुषाची निर्मिती असल्यासारखे मानले जाते. केतकरांचे खरे वैशिष्ट्य मात्र याच्या उलट आहे. मराठीत ज्ञानलेखन हे अनेकांनी मिळून करावयाचे काम आहे, ही कल्पना त्यांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर व्यवहारात आणली आणि तिची किंमतही स्वतः मोजली.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शालेय शिक्षण अमरावतीस व पुढील काही काळ मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाल्यावर ते १९०६ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. हिंदुस्थानातील जातिसंस्थेचा इतिहास हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९११ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. परतताना लंडनमधील मुक्कामात त्यांचा परिचय ईडिथ कोहन या जर्मन-ज्यू तरुणीशी झाला. १९२० मध्ये त्यांचा विवाह झाला व त्या शीलवती केतकर झाल्या. जातिसंस्थेच्या अभ्यासकाचा हा विवाह त्या काळी चर्चेचा विषय झाला नसता तरच नवल.

स्वदेशी आल्यावर काही काळ त्यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. पण प्राध्यापकी हे त्यांच्या स्वभावाचे क्षेत्र नव्हते. १९१६ च्या सुमारास नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी आकारास आली. ग्रंथनिर्मितीसाठी राजाश्रयाची वाट न पाहता भागभांडवल उभारावे, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवावेत आणि विद्वत्तेला कार्यालय, हजेरी व ठरलेला पगार यांची शिस्त लावावी, ही त्यांची पद्धती होती. पुढे कामाचे केंद्र पुण्यास आले. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे यांसारखे सहकारी तेथेच कोशकार म्हणून घडले.

या सहकार्याची गरज किती मूलभूत होती हे एखादा विषय घेऊन पाहिल्यास स्पष्ट होते. रसायन किंवा भूगोल यांवरील लेखासाठी इंग्रजी कोशांचा आधार उपलब्ध होता. संगीत नाटकासारख्या विषयाला तो कोठून मिळणार? ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. त्याचा नीट परिचय करून द्यायचा, तर कालिदासाचे मूळ नाटक जाणणारा संस्कृतज्ञ हवा, पदांच्या चालींमागील कीर्तन व कर्नाटकी संगीत ओळखणारा संगीतज्ञ हवा, १८४३ मधील सांगलीच्या विष्णुदास भाव्यांपासूनची परंपरा सांगणारा रंगभूमीचा जाणकार हवा. ही तीन प्रकारची विद्या एका व्यक्तीत क्वचितच एकवटते. देशी विषयांवरील मराठी कोशलेखाला स्वतःची सामग्री स्वतःच जमवावी लागते आणि ती एकट्याने जमत नाही.

योगायोग असा की, ज्ञानकोशाचे खंड बाहेर पडत होते ती वर्षे संगीत रंगभूमीच्या वैभवाची होती. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमाना’चा प्रयोग केला, तेव्हा त्यासाठी लोटलेला समाज आणि केतकर ज्याच्याकडे वर्गणी मागत होते तो समाज बहुतांशी एकच होता. नाटक मंडळीत नट, साथीदार, नाटककार यांची नावे प्रेक्षकांच्या ओठांवर असत. कोशाच्या कार्यालयात लेख जुळविणारे, तपासणारे हात मात्र वाचकाला अपरिचितच राहत.

१९२० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनारूप आहेत : ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. अकारविल्हे लेखांची अपेक्षा करणाऱ्या वर्गणीदाराच्या हाती आधी हा ऐतिहासिक पसारा पडला. संपादनाच्या दृष्टीने ही योजना सदोष म्हणावी लागेल. कोशाचा प्रमाणबद्धपणा तीमुळे बिघडला. परंतु जगाच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान निश्चित केल्यावाचून मराठी माणसाने ज्ञानाची वर्गवारी करू नये, हा केतकरांचा आग्रह त्या खंडांतून दिसतो. या दृष्टीने ते खंड कोशापेक्षा केतकरांच्या विचारविश्वाची साधने म्हणून अधिक महत्त्वाचे आहेत. त्यानंतरचे वर्णानुक्रमी खंड मात्र आश्चर्यकारक वेगाने निघाले. १९२७ मध्ये त्यांनी या खटाटोपाचा वृत्तांत ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने लिहिला. उत्पन्न, खर्च, मतभेद, आक्षेप यांचा असा उघड हिशेब देणारे संपादक मराठीत फार नाहीत.

कोश संपला तरी आर्थिक स्थैर्य आले नाही. ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’, ‘ब्राह्मणकन्या’ या कादंबऱ्यांतून त्यांनी परदेशस्थ मराठी माणसे, मिश्रविवाह, जातिबाह्य संतती हे विषय हाताळले. कथानकाची घडण सैल असली, तरी समाजशास्त्रज्ञाची जिज्ञासा त्यांत सर्वत्र आहे. १९३१ मध्ये हैदराबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९३५ मध्ये ‘प्राचीन महाराष्ट्रा’चा पहिला भाग निघाला. मधुमेहाने प्रकृती खालावत गेली आणि १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न होते.

कार्यालय विस्कटले, पण तेथे शिकलेली पद्धती टिकली. दाते आणि कर्वे यांनी १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड प्रसिद्ध केले. शीलवतीबाईंनी विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर करून स्वतःचे विद्वत्कार्य सिद्ध केले होते. केतकरांच्या सहवासाचा वृत्तांत त्यांनी मराठीतच लिहिला. ‘मीच हे सांगितले पाहिजे’ हे त्याचे नाव.