रागापुढे तुकोबा



दरवर्षी आषाढी वारीच्या दिवसांत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करीत इंदापूरला येते. त्या वाटेवर आपली ख्रिस्ती घरेही आहेत. रेव्ह. नारायण वामन टिळक तर तुकोबांच्याच पुलावरून आपण प्रभू येशूच्या चरणांशी पोहोचलो, असे मानीत. म्हणून या देहूकर संताने इतरांचा क्रोध कसा झेलला, याचा विचार आपणांसही परका वाटू नये.

तुकोबांचा जन्म सर्वसाधारणपणे १६०८ सालचा मानला जातो. घरी वाणीपणाचा व्यवसाय व सावकारी होती. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असे सांगतात.

दुसरी पत्नी जिजाई रागीट म्हणून प्रसिद्ध आहे. मिळालेले ऊस वाटेत मुलांना वाटून तुकोबा एकच ऊस घेऊन घरी आले, तेव्हा तिने तो त्यांच्या पाठीत घातला आणि त्याचे तुकडे झाले. आयतीच वाटणी झाली म्हणून तुकोबा हसले. ही गोष्ट ऊसकरी बारामती-इंदापुरात कोणास ठाऊक नाही? मात्र ती सांगताना आपण जिजाईवर अन्याय करतो, असे आम्हांस वाटते. चूल पेटण्याची चिंता तिलाच होती, आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणारीही तीच होती. तिचा राग भुकेचा होता.

मंबाजी गोसावींचा राग मत्सराचा होता. तुकोबांच्या म्हशीने बाग तुडवली, या निमित्ताने त्यांनी काटेरी फांद्यांनी तुकोबांना झोडपले. त्याच रात्री कीर्तनाला मंबाजी दिसेनात, तेव्हा तुकोबा स्वतः त्यांच्याकडे गेले. मारून मारून हात दुखले असतील म्हणून त्यांचे अंग चेपू लागले, अशी परंपरा आहे. मंबाजींचा हा स्वभाव केवळ दंतकथेतला नव्हे. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनाही त्यांचा जाच सोसावा लागला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

सर्वांत मोठा घाव वाघोलीच्या रामेश्वर भट्टांचा. त्यांच्या आज्ञेवरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस नदीकाठी अन्नपाण्यावाचून बसले. येथे ते शांत होते का? भट्टांशी ते भांडले नाहीत, पण विठ्ठलाशी मात्र भांडले. त्या दिवसांच्या अभंगांत तक्रार आहे, व्याकुळता आहे. स्तोत्रसंहितेतील भक्तही आपला सारा संताप असाच परमेश्वरापुढे ओततो. प्रमुख याजकासमोर शिपायाने गालावर मारले, तेव्हा प्रभू येशूनेही मुकाट न राहता, आपले काय चुकले ते दाखवण्यास सांगितले. हात मात्र उगारला नाही. घरातल्या, भाऊबंदकीतल्या वा बांधावरच्या वादात गप्प बसून आतल्या आत धुमसणे यालाच आपण पुष्कळदा सहनशीलता समजतो. तुकोबांची शांती तशी नव्हती.

वह्या पाण्यावर तरंगून आल्या, असे भाविक मानतात. रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले, आणि गुरूंच्या स्तुतीपर त्यांनी रचलेले अभंग आजही गायले जातात.