नागपूरचे सी. के. नायडू

सुट्टीच्या दिवशी आपली मुले बॅट-बॉल घेऊन मैदानाकडे पळतात. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचा कर्णधार कोण होता, असे त्यांना विचारले तर किती जणांना सांगता येईल? तो मान आपल्या नागपूरच्या सुपुत्राला मिळाला होता. म्हणून या वेळी आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात एका सुशिक्षित तेलुगू कुटुंबात झाला. वडील वकील होते. स्कॉटिश मिशनच्या हिस्लॉप शाळेत शिकत असताना त्यांचा खेळ लोकांच्या नजरेत भरला. फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण या तिन्ही अंगांत ते तयार होते. धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनीही पुढे भारताकडून ११ कसोटी सामने खेळले.

१९१६ साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत ते हिंदू संघाकडून प्रथम उतरले. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे थोपवले आणि चौथ्यावर षटकार मारला! १९२३ मध्ये होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले आणि तिथलेच झाले. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार होते. राज्यकर्त्यांच्या संघाला आपला माणूस असा झोडपतो आहे, हे पाहून प्रेक्षक हरखून गेले. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यास या खेळीचा मोठा हातभार लागला.

१९३२ साली इंग्लंडला गेलेल्या संघाचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. त्या काळी कर्णधारपद राजघराण्याकडेच जात असे. परंतु महाराजांनी आपली मर्यादा ओळखून जागा सोडली. उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र जायबंदी होते. त्यामुळे २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचे नेतृत्व नायडूंनी केले. वय ३६ वर्षे! सुरुवातीलाच इंग्लंडचे ३ गडी १९ धावांत बाद झाले. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला जबर मार लागला, तरी पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. सामना १५८ धावांनी हरला, पण भारतीय संघाची दखल जगाने घेतली. पुढच्या वर्षी विस्डेनने पाच उत्तम खेळाडूंत त्यांची निवड केली.

१९३६ च्या दौऱ्यात कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. खेळात ते नायडूंच्या जवळपासही नव्हते. मानी माणसाला हे किती लागले असेल! पण ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत फॉलोऑननंतर, गबी अॅलनचा चेंडू अंगावर बसला असतानाही, त्यांनी ८१ धावा काढल्या. ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. ७ कसोटी, ३५० धावा, ९ बळी एवढीच नोंद हाती उरते. या आकड्यांवरून तो माणूस कळत नाही.

होळकर संघाला मात्र त्यांनी शिस्तीने घडवले. १९४५-४६ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा केल्या, तेव्हा त्यांची पन्नाशी झाली होती. पुढे एका सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून दात पडले, तरी त्यांनी मैदान सोडले नाही, असे जुने लोक सांगतात. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यानंतर १९५६-५७ च्या हंगामात, वयाच्या ६१ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार १९९४ पासून त्यांच्या नावाने दिला जातो.

तरुण मित्रांनो, पद काढून घेतले तर आपण बहुधा रुसून बसतो, कामही सोडतो. नायडूंचे पद गेले, पण त्यांनी बॅट खाली ठेवली नाही. घरात, कामावर किंवा एखाद्या मंडळात आपल्याला डावलले गेले, तर ओव्हलवरच्या त्या ८१ धावा आपण जरूर आठवाव्यात, असे आम्हाला वाटते.