पुरंदरचा मुरारबाजी

नारायणपूर सोडले, की पुरंदर आणि त्याला खेटून असलेला वज्रगड यांची जोडी नजरेत भरते. पुरंदरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट. गड लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र दाखवूनच वर जावे लागते. आमची सहल तेथे गेली, तेव्हा मुरारबाजी देशपांडे यांच्या पुतळ्यापाशी आमची बडबड आपोआप थांबली.

मुरारबाजी मूळचे जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचे चाकर. १६५६ मध्ये शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली, तेव्हा ते महाराजांविरुद्ध लढले होते. हे आपण सहसा विसरतो. महाराजांनी मात्र या शत्रुपक्षातील वीराला पारखले, आपलेसे केले आणि पुढे पुरंदर त्यांच्यावर सोपवला.

१६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान प्रचंड फौजेनिशी पुरंदरावर आले. एप्रिलमध्ये वज्रगड पडला आणि तेथून पुरंदरावर तोफा डागता येऊ लागल्या. तेव्हा मुरारबाजींनी, सभासद बखर सांगते त्याप्रमाणे, सातशे निवडक माणसे घेऊन थेट दिलेरखानाच्या फौजेवर झेप घेतली. त्यांचा पराक्रम पाहून खान थक्क झाला. त्याने कौल घेण्यास, म्हणजे बादशाही चाकरी पत्करण्यास सांगितले. मुरारबाजींनी ते झिडकारले व ते खानावर चालून गेले. खानाच्या बाणाने ते पडले. तरीही गडावरचे लोक लढतच राहिले.

जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले मोगलांकडे गेले, त्यांत पुरंदरही होता. मग हे बलिदान व्यर्थ गेले काय? परतीच्या वाटेवर आमच्यात यावरून बराच वाद झाला. गड वाचला नाही, हे खरेच. पण एकदा धनी बदललेल्या माणसाला दुसऱ्यांदा तो बदलणे अवघड नसते, असे कोणालाही वाटेल. मुरारबाजींना ते अशक्य झाले. जावळीत ते धन्यासाठी लढले होते. पुरंदरावर ते स्वराज्यासाठी लढले. चाकरी बदलता येते, पण मनापासून स्वीकारलेले ध्येय बदलता येत नाही.

१६७० मध्ये मराठ्यांनी पुरंदर परत घेतला. ते पाहायला मुरारबाजी नव्हते. पण गड गेला तरी ज्यांच्या मनातून तो गेला नव्हता, अशी माणसे मागे राहिली होती. ती घडवण्यात या मरणाचा वाटा नव्हता, असे कोण म्हणेल?