भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब (२४ ऑक्टोबर, १८६८ - १३ एप्रिल, १९५१) हे सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक होते. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून ते बी.ए. झाले. १९०९ साली ते गादीवर आले.

चित्रकला आणि शिक्षण

बाळासाहेबांच्या कार्यात चित्रकला व विद्या यांची सांगड दिसते. रामायणातील प्रसंग स्वतः रंगवून त्यांनी चित्ररामायण प्रसिद्ध केले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनी द्रव्यसाहाय्य दिले आणि तिच्यासाठी चित्रेही काढली. अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. कवी ग. दि. माडगूळकर हे औंधच्या शाळेचे विद्यार्थी होत.

१९३८ साली त्यांनी औंध येथे श्री भवानी चित्रसंग्रहालय उभारले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या शिल्पापर्यंतच्या कलाकृती त्यामुळे एका लहान गावातील मुलांनाही प्रत्यक्ष पाहता आल्या.

उत्तरायुष्य

१९३५ साली इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३९ साली महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या राज्यघटनेद्वारे त्यांनी राज्याधिकार प्रजेकडे सोपविले. १९४८ साली संस्थान विलीन झाले. संग्रहालय मात्र आजही औंधमध्ये आहे.