रा. गो. भांडारकर : मालवणचा विद्वान आणि हुकलेली जागा

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून झाला की घरोघरी एकच प्रश्न असतो, मिळेल ना? मार्क, हुशारी बघून आपण अंदाज बांधतो. तो किती टिकतो, ते आपल्या मालवणातच ६ जुलै १८३७ रोजी जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या चरित्रात बघा.

वडील मामलेदार कचेरीत कारकून. त्यांची बदली रत्नागिरीला झाली म्हणून रामकृष्णाला इंग्रजी शाळा मिळाली. बदली दुसरीकडे झाली असती तर? असो. पुढे मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज आणि तिथे दक्षिणा फेलोशिप. ही दक्षिणा मूळची पेशवाईतली, पुण्यात श्रावणात विद्वान ब्राह्मणांना वाटली जायची. इंग्रजी अमलात त्यातला पैसा हळूहळू बक्षिसं आणि फेलोशिपकडे वळला. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यात न्यायमूर्ती रानड्यांसोबत भांडारकरही होते.

मग हेडमास्तरकी केली, विद्यार्थ्यांसाठी 'मार्गोपदेशिका' हे संस्कृतचं पहिलं पुस्तक लिहिलं. १८६८ मध्ये ते एल्फिन्स्टनमध्येच संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. आता सांगा, अर्जात काय कमी होतं? पदवी होती, पुस्तकं होती, त्याच जागेवरचा अनुभव होता. तरी कायम नेमणुकीच्या वेळी जागा मिळाली विलायतेतून आलेल्या पीटर पीटर्सन यांना. भांडारकर सहायकच राहिले. पीटर्सनही पुढे जुन्या हस्तलिखितांच्या शोधात मोठं काम करून गेले, त्यामुळे माणूस नालायक निवडला असं म्हणता येत नाही. पण वरच्या जागा तेव्हा बहुतेक गोऱ्यांकडेच जायच्या, आणि हे कोणाच्या गुणपत्रिकेवर लिहिलेलं नसतं!

भांडारकरांनी काम सोडलं नाही. १८७४ च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेला जाता आलं नाही, तर नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांवरचा निबंध पाठवून दिला. १८८२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कायम प्राध्यापकपद मिळालं. १८८५ ला जर्मनीच्या ग्योटिंगेन विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. १८९३ ला तर ज्या विद्यापीठाचे ते पहिल्या तुकडीतले पदवीधर, त्याचेच कुलगुरू झाले.

२४ ऑगस्ट १९२५ रोजी ते गेले. त्यांच्या ८० व्या वाढदिवशी, १९१७ साली, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली होती. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथलीच.

जयंती शाळा सुरू झाल्यावर लगेच जुलैत येते. परिपाठात पाच मिनिटं काढा आणि मुलांना सांगा, हा माणूस मालवणचा.